सात नंबरचा शिक्का

खैरनार नानांनी मला नोकरीच्या पहिल्याच दिवशी विमानात बसवलं. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या रस्त्यावर, मे महिन्यातल्या भर दुपारी. त्या विमानाला अंग नव्हतं, चाकं नव्हती, इंजिन नव्हतं. ते सगळं नानांच्या डोक्यात होतं. रस्त्यावर होत्या त्या फक्त त्यांनी खडूने मारलेल्या चार-पाच खुणा.

"हे नाक," आमच्या वर्कशॉपच्या गेटापाशी उभे राहून ते म्हणाले. "चला." मी डोक्यावर ओढणी घेऊन त्यांच्या मागून निघाले. ते तोंडातल्या तोंडात पावलं मोजत होते. ऐंशीच्या आसपास ते थांबले, तेव्हा आम्ही चिवड्याच्या कारखान्याच्या भिंतीला लागलो होतो. "ही शेपटी. आता पंख." विमानाचा एक पंख समोरच्या रिकाम्या प्लॉटमधल्या बाभळींवरून जात होता आणि दुसरा आमच्याच शेडमधून, मालकांची केबिन आरपार छेदून, मागच्या गल्लीत निघत होता. मग मला त्यांनी परत पुढे आणलं, एका खुणेपाशी उभं केलं आणि म्हणाले, "हा दरवाजा. पाय उचलून आत या, गायधनीबाई. उंबरठा आहे."

मी खरोखरच पाय उचलला. मागे टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. वर्कशॉपच्या दारात चहा पीत उभी असलेली पोरं हसत होती, पण ती चेष्टा करत नव्हती. त्यांतल्या प्रत्येकाने आपापल्या पहिल्या दिवशी तिथेच पाय उचललेला होता.

नानांचं वय तेव्हा बावन्न-त्रेपन्न असेल आणि माझं तेवीस. तरी मी त्यांच्या तोंडी कायम 'गायधनीबाई'च राहिले. बुटकेसे, पांढरा हाफ शर्ट, नाकावर एक चष्मा आणि कपाळावर दुसरा. शर्टाच्या खिशात पितळी मुठीचा एक छोटा शिक्का असायचा आणि त्याचा दोरा वरच्या बटणाच्या काजाला बांधलेला असायचा. नाना मूळ सटाण्याकडचे. आमच्याशी बोलताना नीट मराठी बोलायचे. राग आला किंवा जीव कासावीस झाला की मात्र थेट अहिराणीत उतरायचे. त्यामुळे त्यांच्या मनात काय चाललंय हे आम्हाला शब्दांच्या आधी भाषेवरून कळायचं.

आमचं वर्कशॉप लहान होतं. सहा मशिनं, वीस-बावीस माणसं. मालकांच्या वडिलांच्या काळात तिथे पाण्याच्या पंपाचे भाग व्हायचे. मालक म्हणजे अभिजितसर इंजिनीअर होऊन आले आणि त्यांनी खूप खटपट करून बेंगळुरूच्या एका कंपनीचं काम मिळवलं. ती कंपनी लांब पल्ल्याच्या एका नव्या विमानाच्या दरवाज्यांची आतली यंत्रणा जुळवून परदेशी पाठवायची. त्या यंत्रणेतला तळहाताएवढा अॅल्युमिनियमचा एक ब्रॅकेट आम्ही करायचो. त्याला दोन आरपार भोकं. भोकांतून पिन जाते आणि त्या पिनेवर दरवाज्याचं हँडल फिरतं. तीनशे माणसं घेऊन समुद्र ओलांडणारं एवढं मोठं धूड, आणि त्यातली दोन भोकं आमच्या वाट्याला आली होती.

नाना ती भोकं तपासायचे. मी तपासणीचे कागद टाइप करायची.

त्या विमानाचं नाव नानांनी कधी घेतल्याचं मला आठवत नाही. पूर्वीच्या बायका नवऱ्याचं नाव घ्यायच्या नाहीत, तसं काहीसं होतं ते. 'आपलं विमान' एवढंच म्हणायचे. आणि विमानाविषयी त्यांना जेवढं ठाऊक होतं तेवढं आपल्या चुलतभावांविषयीही नसेल. ते विमान अजून कागदावर होतं तेव्हापासून नाना वर्तमानपत्रातली कात्रणं जमवत होते. पहिलं उड्डाण पुढे गेलं, परत पुढे गेलं, मग जोडणीत काही निघालं, मग आणखी काही. वर्षांमागून वर्षं गेली. लोक हसायला लागले, की हे विमान काही उडत नाही. नाना मात्र प्रत्येक वेळी खूश व्हायचे.

"उशीर झाला म्हणजे काय झालं?" ते विचारायचे, आणि उत्तर स्वतःच द्यायचे. "कोणीतरी 'नाही' म्हणालं. एवढ्या मोठ्या साहेबलोकांच्या मध्ये उभं राहून कोणीतरी म्हणालं, की अजून नाही. त्या माणसाला मला एकदा चहा पाजायचाय."

त्या विमानाने नानांना एकदा दुखावलंही होतं. ही गोष्ट ते स्वतःच रंगवून सांगायचे. विमानाचं अंग धातूचं नाही, कार्बनच्या धाग्यांचं आहे, हे त्यांना जेव्हा प्रथम कळलं तेव्हा दोन दिवस ते नीट जेवले नाहीत. येवल्याला विणतात तसं धागे विणायचे, एकावर एक थर द्यायचे, वर चिकट राळ, आणि मग घराएवढ्या मोठ्या भट्टीत भाजून काढायचं. धातूपेक्षा हलकं, गंजायचं नाही, थकायचं नाही. सगळं मान्य. "पण मी तीस वर्षं अॅल्युमिनियम हाताळतोय," ते म्हणायचे, "आणि हे म्हणतात विमान कापडाचं करू!" त्यात आणखी एक कळलं. तो कार्बन आणि अॅल्युमिनियम एकमेकांना चिकटून बसले तर ओलाव्यात अॅल्युमिनियमच खाल्लं जातं. म्हणून तशा जागी टायटॅनियम वापरलं. नानांना ते अगदी मनाला लागलं. शेवटी दरवाज्याच्या आतला आपला ब्रॅकेट अॅल्युमिनियमचाच राहणार हे ड्रॉइंगवर पाहिलं तेव्हा कुठे त्यांनी विमानाला माफ केलं. "दरवाज्यात आपण राहिलो," हे वाक्य ते पुढे कितीतरी वर्षं समाधानाने म्हणायचे.

नाना स्वतः कधी विमानात बसले नव्हते. पण आत बसल्यावर कसं वाटतं हे ते आम्हाला डबा खाताना सांगायचे. त्यांच्या डब्यात बहुतेक ज्वारी-उडदाची, कळण्याची भाकरी आणि ठेचा असायचा, आणि भाकरीचा तुकडा हातात धरून ते उंची समजावायचे. बाहेर विमान कितीही वर असो, आतली हवा दाबून खालच्या उंचीसारखी ठेवतात. जुन्या विमानांत ती आठ हजार फुटांवर असावं तशी असायची. माणसाचं डोकं जड व्हायचं, घसा कोरडा पडायचा. आपल्या विमानाचं अंग धाग्यांचं, ते जास्त दाब सोसतं आणि ओलाव्याने गंजत नाही. म्हणून आत सहा हजार फुटांसारखी हवा ठेवता येते आणि थोडा ओलावाही.

"म्हणजे किती, सांगा?" नाना विचारायचे. "साल्हेर किल्ल्याच्या माथ्याहून जरासं वर. साल्हेरवर तर आम्ही लहानपणी गुरं शोधत जायचो. काही होत नाही तिथे. बारा-तेरा तास साल्हेरवर बसायचं, वर जेवण मिळतं, आणि उतरायचं मेलबर्नला."

मेलबर्न हे नाव उगाच येत नसे. त्यांची एकुलती एक मुलगी मनीषा तिथे होती. लग्न होऊन गेली ती सहा वर्षांत दोनदा आली. 'नाना, तिकीट काढते, तुम्ही आणि आई या,' असं ती प्रत्येक फोनवर म्हणायची आणि नाना म्हणायचे, "निवृत्त झाल्यावर. आता सुट्टी घेतली तर शिक्का कोण मारील?"

तो शिक्का म्हणजे नानांचा जीव होता. गोल कड्यात सातचा आकडा, बाकी काही नाही. बेंगळुरूची कंपनी परीक्षा घेऊन तपासनिसाला असा नंबर द्यायची. ब्रॅकेटबरोबर जाणाऱ्या कागदावर तो शिक्का नसेल तर तुकडा आमच्या गेटाबाहेर पडत नसे. नापास तुकड्याला नाना 'नापास' म्हणायचे नाहीत. लाल चिठ्ठी बांधायची, तुकडा कानाशी नेल्यासारखा करायचा आणि म्हणायचं, "आजारी शे हाई." एकदा महिनाअखेरीला गाडी दारात उभी होती, बेंगळुरूहून फोनवर फोन येत होते, आणि नानांनी सोळा तुकडे आजारी ठरवले. अभिजितसर चिडून म्हणाले, "नाना, जरा माणसांत राहून विचार करा!" नाना म्हणाले, "माणसांचाच करतोय, शेठ. तीनशे आहेत." सर केबिनमध्ये निघून गेले. गाडी रिकामी गेली.

तेरा वर्षांत सात नंबरचा एकही तुकडा परत आला नव्हता. हे नाना स्वतः कधी बोलायचे नाहीत. आम्ही बाकीचे मात्र बाहेरच्या माणसांना आधी तेच सांगायचो.

आता त्या खंडेनवमीचं सांगते.

नाशकातल्या प्रत्येक वर्कशॉपमध्ये त्या दिवशी मशिनं धुऊन पुसून त्यांची पूजा होते. झेंडूच्या माळा, नारळ, हळद-कुंकू. आमच्याकडेही व्हायची. पण नानांच्या तपासणीच्या खोलीत एक नियम होता आणि तो त्यांनीच घातलेला होता. मोजमापाची साधनं पेटीबाहेर काढायची नाहीत. कुंकू लावायचं ते पेटीला. एकदा कोणी उत्साहाने मायक्रोमीटरला हळद लावायला गेला, तर नानांनी त्याचं मनगट धरलं होतं.

त्या वर्षी ती नानांची नोकरीतली शेवटची खंडेनवमी होती. फेब्रुवारीत साठ पूर्ण होणार होते. पूजा आटोपली, प्रसाद झाला, सगळे पांगले. आणि नाना एकटेच खोलीत गेले. त्यांच्याकडे एक मास्टर रिंग होती. म्हणजे पोलादाचं एक कडं, आरशासारखं गुळगुळीत. भोक मोजायचं गेज आधी त्या कड्यात घालून शून्यावर आणायचं आणि मग ब्रॅकेटच्या भोकात घालायचं. सगळी मोजणी त्या कड्याच्या भरवशावर चालायची. नानांनी ते पेटीतून बाहेर काढलं, पाटावर ठेवलं, ओल्या कुंकवाचं बोट त्याच्या वरच्या अंगाला टेकवलं आणि हात जोडले. हे मला त्यांनीच नंतर सांगितलं. "तेरा वर्षं तिने मला खोटं पडू दिलं नाही, बाई. पेटीला कसं कुंकू लावू? तिलाच लावावं वाटलं."

दसऱ्याच्या सुट्टीनंतर कामावर आल्यावर त्यांनी रिंग वरून पुसली, आतून नेहमीसारखं एकदा फडकं फिरवलं, आणि काम सुरू केलं. चाळीस ब्रॅकेट तपासून झाले, शिक्के पडले, माल बेंगळुरूला गेला.

शनिवारी दुपारी साधनांची साफसफाई असायची. मी कागदावर सही घ्यायला खोलीत गेले तेव्हा नाना स्टुलावर बसले होते. हातात पांढरं मलमलचं फडकं होतं, आणि त्या फडक्यावर नखाएवढा गुलाबी डाग होता. त्यांनी तो माझ्यापुढे धरला. मला वाटलं बोट कापलं.

"रक्त नही," ते म्हणाले. "कुंकू शे. रिंगना आतमा व्हतं."

ओलं कुंकू कडेवरून आत ओघळलं होतं आणि वाळून बसलं होतं. डोळ्याला दिसणार नाही इतका पातळ थर. पण त्या थरामुळे कडं तेवढं लहान झालं होतं, गेज त्या लहानपणालाच शून्य समजलं होतं, आणि लहान राहिलेली भोकं बरोबर आहेत असं सांगत होतं. नानांनी रिंग धुतली आणि टेबलावर तयार असलेले पुढचे दहा ब्रॅकेट परत मोजले. तीन आजारी निघाले. चार-पाच मायक्रॉनने. आपल्या डोक्याच्या केसाचे उभे दहा-पंधरा काप केले, तर त्यातला एक काप असेल तेवढा फरक.

मी लगेच म्हणाले, "नाना, कोणाला कळणार आहे?" खोटं कशाला सांगू, हेच माझ्या तोंडून पहिलं आलं. आणि ते वाईट हेतूने नव्हतं. मला नियम माहीत होता, कारण तो इंग्रजीत मीच टाइप केलेला होता. चुकीचा माल पास केलेल्या तपासनिसाचा शिक्का काढून घ्यायचा; सहा महिन्यांनी परत परीक्षा. नानांच्या निवृत्तीला चार महिने होते. शिक्का आता गेला तर तो परत येणारच नव्हता.

नाना उठले आणि अभिजितसरांच्या केबिनमध्ये गेले. मी मागोमाग. त्यांनी सगळं सांगितलं. सरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. त्यांना ओरडायचं असतं तर ते ओरडले असते, पण नाना त्यांच्या वडिलांच्या बरोबरीचे. शेवटी ते हळूच म्हणाले, "नाना, पाच मायक्रॉनने काही होत नाही. पिन थोडी घट्ट बसेल. हँडल काही जड होणार नाही. तुम्हालाही माहितीये."

"नाही होणार," नाना म्हणाले. "बहुतेक नाहीच होणार. पण ते ठरवणारा मी कोण, शेठ? ज्याने ड्रॉइंग काढलं तो ठरवेल. त्याला विचारलं पाहिजे ना?"

"शिक्का जाईल तुमचा."

"हां."

"परत मिळायचा नाही. चार महिने राहिलेत."

नानांनी खिशावर हात ठेवला आणि एकदम अहिराणीत म्हणाले, "मनी चूक शे. दुसरानी ऱ्हाती तर मी काय कयरं असतं?" दुसऱ्या कोणाची चूक असती तर नानांनी काय केलं असतं, हे त्या केबिनमधल्या तिघांनाही पक्कं ठाऊक होतं. सरांनी खिडकीबाहेर बघत मला खूण केली, की पत्र करा.

पत्रात एक रकाना असतो, मूळ कारण. सर म्हणाले, "लिहा, धूळ." नाना म्हणाले, "धूळ नव्हती." सर म्हणाले, "मग लिहा, बाहेरचा कण. खोटं नाही ते." नाना माझ्या खुर्चीमागे उभे होते. "शेठ, धूळ लिहिलं तर ते सांगतील खिडक्या बंद करा. आपण खिडक्या बंद करू. आणि पुढच्या खंडेनवमीला कोणीतरी परत रिंगला कुंकू लावील. बाई, लिहा. पूजेच्या दिवशी तपासनीस नंबर सात याने मास्टर रिंग पेटीबाहेर काढून तिला कुंकू लावले. स्वतःच घातलेला नियम स्वतः मोडला." मी ते इंग्रजीत घातलं. कुंकवाला मला इंग्रजी शब्द सापडेना, म्हणून तसाच ठेवला आणि पुढे 'लाल पूड, पूजेसाठी' असं लिहिलं. टाइप करताना माझे डोळे भरून आले होते आणि नाना मागून शांतपणे स्पेलिंग तपासत होते.

सोमवारी बेंगळुरूहून गुणवत्ता विभागाच्या बाईंचा फोन आला. मी त्यांना कुंकू म्हणजे काय ते हिंदीत समजावायला लागले, तर त्या म्हणाल्या, माहीत आहे, आमच्याकडे आयुधपूजेला आम्हीही मशिनला लावतो. मग थोडं थांबून म्हणाल्या, "एक मिनिट," आणि फोन तसाच ठेवून कुठेतरी गेल्या. आपल्याकडच्या रिंगला कुंकू लागलंय का ते बघायलाच त्या गेल्या असणार, हे मी नानांना सांगितलं तेव्हा त्या दिवसांत पहिल्यांदाच ते हसले.

चाळीसच्या चाळीस ब्रॅकेट त्यांच्या गोदामातच सापडले. एकही विमानापर्यंत पोचला नव्हता. मोजल्यावर नऊ आजारी निघाले. ते परत आले, नानांनी उभं राहून त्यांच्या भोकांतून रीमर, म्हणजे भोक किंचित मोठं करायचं हत्यार, फिरवून घेतला, भोकं मापात आली आणि तुकडे पुन्हा गेले. बेंगळुरूच्या कंपनीकडून सगळ्या पुरवठादारांना एक सूचना गेली, की पूजेच्या दिवशी मोजमापाची साधनं पेटीबाहेर काढू नयेत. आणि त्याच मेलमध्ये, खालच्या ओळीत, सात नंबर काढून घेतल्याचं कळवलं होतं.

नानांनी शिक्क्याच्या मुठीचा दोरा सोडला, शिक्का माझ्या टेबलावर ठेवला आणि पावती मागितली.

पुढचे चार महिने ते रोज वेळेवर यायचे. मोजायचे, आकडे लिहायचे, आणि मग रोहिणी, त्यांनीच तयार केलेली तरुण तपासनीस, तिच्या एकोणीस नंबरचा शिक्का मारायची. ती नानांचे आकडे बघून शिक्का उचलायला जायची तर नाना हात आडवा घालायचे. "मोज आधी. माझ्यावर कशाला विश्वास ठेवतेस? माझा नंबर काढलाय." ती रडकुंडीला यायची, पण मोजायची. नानांच्या बटणाच्या काजात तो दोरा मात्र तसाच राहिला होता. बोलता बोलता त्यांचा हात खिशाकडे जायचा, दोऱ्याचं टोक चाचपून परत यायचा. मला ते बघवत नसे. मी सरळ मान खाली घालून टाइप करत राहायची.

निरोप समारंभात अभिजितसर बोलायला उभे राहिले आणि दोन वाक्यांत खाली बसले. नानांनी शाल-श्रीफळ घेतलं, खुर्चीवर ठेवलं आणि म्हणाले, "अर्धा डबा पांढरा ऑइलपेंट पाहिजे." तो घेऊन ते रस्त्यावर गेले. नाक, शेपटी, पंख, दरवाजा, सगळ्या खडूच्या खुणा त्यांनी रंगवून पक्क्या केल्या. दरवाज्याच्या खुणेला दोन हात दिले. "आता माझ्यावाचून अडायचं नाही," ते म्हणाले. आजही आमच्याकडे नवा माणूस लागला की रोहिणी त्याला उन्हात फिरवते.

त्यानंतरच्या वर्षी मनीषाने तिकिटं पाठवलीच. नानांनी मला फोन करून दोन गोष्टी विचारल्या. विमान 'आपलंच' आहे का, आणि दरवाज्याजवळची जागा मिळेल का. खिडकी नको होती. त्या विमानाच्या खिडक्यांना झडप नसते, बटण दाबलं की काच हळूहळू निळी-काळी होत जाते, हे त्यांनीच आम्हाला शंभरदा सांगितलं होतं. पण खिडकीतून काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, बघू दे म्हणाले. मी आणि माझे यजमान त्यांना गाडीने मुंबईला सोडायला गेलो. इगतपुरी येईपर्यंत काकूंनी तीनदा विचारलं, की समुद्रावर एक इंजिन बंद पडलं तर? नाना तिन्ही वेळा तेवढ्याच शांतपणे म्हणाले, "दुसरं कित्येक तास एकटं नेतं. उडवून, बंद करून, खात्री करूनच परवानगी देतात." घाट उतरताना मात्र ते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "बाई, त्या दरवाज्यात त्या नऊपैकी एखादा असेल का हो?"

"असला तरी बरा करून पाठवलाय ना आपण," मी म्हणाले.

"हां," नाना म्हणाले. "पण मी शिक्का नाही मारला त्याच्यावर."

विमानतळावर आत जायच्या रांगेत काकू मागे वळून हात हलवत होत्या, पदराने डोळे पुसत होत्या. नाना सरकत्या काचेच्या दारात थांबले होते. मान वर करून, दुसरा चष्मा कपाळावरून खाली ओढून, दार ज्यावर सरकतं तो रूळ ते बघत होते. मागच्या माणसाने त्यांना पुढे व्हा म्हटलं तेव्हा ते पुढे झाले. मी त्यांना पाहिलं ते तेवढंच शेवटचं. मेलबर्नहून परतल्यावर ते परस्पर सटाण्याकडे गावी गेले आणि गेल्या हिवाळ्यात तिथेच, झोपेत, गेले.

पण त्या प्रवासाच्या दुसऱ्या दिवशी मला त्यांचा व्हॉट्सअॅप आला होता. एक फोटो, वाकडा, अर्ध्यात त्यांचाच अंगठा आलेला. विमानाचा पुढचा दरवाजा नुकताच उघडलेला, हवाईसुंदरीचा हात अजून हँडलवर, आणि पलीकडे मेलबर्नची सकाळ. खाली नानांनी तपासणीच्या कागदावर लिहायचे तशा तुटक ओळी लिहिल्या होत्या.

'दरवाजा उघडताना जवळ उभे राहून पाहिले. हँडल एका हाताने, हलके फिरले. आवाज नाही. तपासले. ७.'

मी ऑफिसात सगळ्यांसमोर रडले, आणि मला त्याची लाज वाटली नाही. नंतर तो फोटो आणि त्याखालच्या ओळी कागदावर छापून रोहिणीकडे दिल्या. तिने वाचलं, सातच्या आकड्यावर बोट टेकवलं, मग विचारलं, "ताई, कुठल्या फाइलला लावू?"

"त्या चाळीसच्या," मी म्हणाले. तिने कपाटातून ती फाइल काढली आणि कागद लावून घेतला.